पाठ टेकवायची वही

८ जून २०२५

परीक्षा आटोपली, काल गावात आले. डिसेंबरात ज्युदोची आंतर-कॉलेज स्पर्धा आहे. तोवर एकच डाव पक्का करायचा ठरवलाय : तोमोए-नागे. समोरच्याला पुढे ओढायचं, त्याच्या पोटाला पाय लावायचा, आपण पाठीवर जायचं आणि त्याला डोक्यावरून पलीकडे टाकायचं. अशा डावांना ज्युदोत सुतेमी-वाझा म्हणतात. सुतेमी म्हणजे आपलं अंग टाकून देणं.

कारण साधं आहे. गेल्या वर्षी ५७ किलोखालच्या गटात दोन लढती हरले आणि दोन्ही एकाच तऱ्हेनं. समोरची हात ताठ करून, कंबरेत वाकून उभी. माझा हुकमी डाव सेओई-नागे, म्हणजे पाठीवर घेऊन टाकायचं, त्यासाठी तिच्या पोटाशी शिरावं लागतं, आणि मध्ये हे दोन खांब. सर म्हणाले, "ती ढकलते ना? ढकलू दे. तू खाली जा."

अडचण घरातली आहे. बाबा मातीतले पहेलवान. दर्यापूर तालुक्यातल्या बऱ्याच दंगली त्यांनी खेळल्यात. आम्हा दोघा भावंडांना चालता येण्याआधीपासून एकच शिकवण : काही होवो, पाठ लागू द्यायची नाही. रात्री जेवताना सांगितलं तर त्यांचा हात भाकरीवरच थांबला.

"म्हंजे आपल्या हातानं पाठ लावून घ्याची? अन् जो पडन तो जिंकन?"

"हो बाबा."

"मंग हरते कोण?"

माय हसली. मला उत्तर सुचलं नाही.

९ जून

सामानाची मोजदाद. समाज मंदिरात जुन्या १२ मॅट आहेत, प्रत्येकी २ मीटर बाय १ मीटर, जाडी ४ सेंटिमीटर. सगळ्या जोडल्या की ६ बाय ४ मीटर. स्पर्धेत लढायची जागाच कमीत कमी ८ बाय ८ असते, भोवतीची सुरक्षेची पट्टी वेगळी. तोमोएत पडणारा लांब जातो, म्हणून फक्त लांबीच्या दिशेनं टाकायचं. आडवं टाकलं तर धाकटा भाऊ थेट खिडकीखालच्या ओट्यावर.

उके, म्हणजे पडणारा, धाकटाच. वय १७, वजन ५२. मी ५५.

११ जून

पडायला मऊ काही हवं म्हणून खताच्या चार रिकाम्या पोत्यांत गेल्या हंगामातलं सोयाबीनचं कुटार भरलं, वरून ताडपत्री. धाकटा दोनदा पडला. तिसऱ्यांदा पोतं फाटलं आणि समाज मंदिरात आंधी आली. दोघंही रात्रभर खाजवत बसलो. माय म्हणाली, "जनावराच्या तोंडचं घेऊन तुम्ही लोळता, मंग अंगाले लागनच." कुटार गोठ्यात परत. आता घरातल्या दोन जुन्या गाद्या, वर तीच ताडपत्री.

१५ जून

आठवडाभर मी डाव केलाच नाही, फक्त धाकट्याला पडायला शिकवलं. उकेमी, म्हणजे न लागता पडायची रीत, त्याला येते, पण तोमोएतून पडणं वेगळं. पायाखालची जमीन जाते आणि डोकं खाली येतं. घाबरून हात टेकवला की मनगट किंवा कोपर गेलंच. हनुवटी छातीला, अंग गोल, मोकळ्या हाताची थाप. आधी गुडघ्यावरून, मग उभ्यानं, मग मी आडवी पडून त्याला पायावर तोलून हळूच पलीकडे सोडायचं.

नियम केला : ज्याला तोमोएतून पडता येत नाही त्याच्यावर हा डाव करायचा नाही. वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलाय.

२२ जून

आज पहिल्यांदा उभ्यानं. २० वेळा केला. धाकटा पलीकडे गेला ३ वेळा, त्यातल्या दोनदा तो मेहरबानी म्हणून उडाला असं मला वाटतं.

बाकी १७ वेळा काय होतंय ते कळेना. फोन खिडकीत ठेवून चित्रण केलं, त्यातही नीट दिसेना. मग शाळेतून खडू आणला. धाकट्याच्या अंगठ्यांपुढे एक रेघ, माझं बूड टेकलं तिथे दुसरी. मधलं अंतर दीड वीत.

इथे पाणी मुरतंय. मी त्याच्या खाली जात नाही, त्याच्यापासून लांब पडते. इतक्या लांबून पाय लावला की तो टेकू होतो. त्याचं वजन माझ्यावर येण्याऐवजी माझाच पाय त्याला मागे रेटतो. तो उभाच राहतो, माझा पाय झटकून बाजूनं येतो आणि मी आयती चित. कोडोकानच्या, म्हणजे ज्युदोच्या मूळ शाळेच्या, चित्रफितीत बघितलं तर तोरीचं, म्हणजे टाकणाऱ्याचं, बूड स्वतःच्या टाचेला लागूनच टेकतं आणि ती टाच उकेच्या दोन पायांच्या मध्ये असते. माझी टाच मध्ये जाते. बूड जात नाही.

२८ जून ते ८ जुलै

पेरणी. सराव नाही.

१० जुलै

उकेला सुट्टी. एकटीनं फक्त बसायचं. खडूनं धाकट्याची दोन पावलं आखली. डावा पाय मध्ये, गुडघा वाकवून त्याच टाचेवर बसायचं, हनुवटी आत, पाठ गोल, झोका घेऊन परत उभं. रोज ५०. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं हिला कोणी उठाबशांची शिक्षा दिली आहे. ग्रामपंचायतीत आलेला एकजण विचारूनही गेला.

नजरेची गंमत कळली. खाली जाताना माझे डोळे छताकडे जातात आणि डोळ्यांमागे डोकं, डोक्यामागे सगळं अंग. नजर उकेच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवली की अंग आपोआप गाठीखाली जातं.

१८ जुलै

एकटीनं : चार बोटं. कधीकधी दोन.

धाकट्यावर : एक वीत.

उजव्या पायाचंही चुकत होतं. मी लाथ मारत होते. धाकट्याच्या पोटावर दोन निळे डाग आहेत आणि त्यानं ते मायला दाखवलेत. पाय मारायचा नसतो, लावायचा असतो. तळपाय बेंबीच्या खाली, पट्ट्याच्या जवळ, गुडघा पूर्ण दुमडलेला. वजन आपल्यावर आलं की मगच तो सरळ करायचा. जात्यावर खुंटा हाताला लागल्याशिवाय कोणी जातं ओढत नाही, तेवढंच.

२९ जुलै, नागपंचमी

मारुतीच्या देवळामागच्या आखाड्यात कुस्त्या होत्या. पोट्ट्यांच्या नारळावरच्या, मग थोड्या मोठ्या. एका पोट्ट्यानं ढाक लावून जोडीदाराला असं टाकलं की बाबा उभे राहून ओरडले. ढाकेत स्वतः पालथं राहून दुसऱ्याला उताणं करतात. आपली पाठ आभाळाकडे. बघताना तेच डोक्यात घोळत होतं.

संध्याकाळी आम्ही सराव करत होतो, तर बाबा समाज मंदिराच्या दारात येऊन उभे. दहा-बारा डाव बघितले. मग म्हणाले, "तू पडून नाही राह्यली वं, पळून राह्यली."

सव्वा महिना खडूनं मोजलं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. जाताना अंग खाली जातं पण मागे सरकत जातं. पाठ टेकवायचीच आहे तर निदान शत्रूपासून दूर टेकवू, असा त्याचा हिशेब. हा हिशेब मी केलेला नाही. तो मातीनं केलाय, दहा वर्षांपूर्वी.

मग चप्पल काढून मॅटवर आले. "माह्यावर कर." माझी कॉलर धरली आणि उभे राहिले. वजन ८२. मी खाली गेले, अंतर बरं होतं, पाय नीट लागला, ओढलं. काहीच नाही. लिंबाच्या खोडाला लटकल्यासारखं. वरून आवाज आला, "मी येऊनच नाही राह्यलो, तं पाडशीन कशी?"

३१ जुलै

दोन दिवस डाव नाही, नुसता विचार. निंदणात विचाराला वेळ भरपूर मिळतो.

धाकटा दीड महिना माझ्याकडे "येत" होता. त्याला माहीत आहे काय होणार, म्हणून तो पायाच्या बोटांवर येतो. कानो जिगोरोंनी, ज्यांनी १८८२ साली तोक्योत कोडोकान काढलं, डावाचे तीन भाग केले : कुझुशी म्हणजे तोल मोडणं, त्सुकुरी म्हणजे आपलं अंग जागेवर बसवणं, काके म्हणजे टाकणं. मी दुसऱ्या-तिसऱ्यावर दीड महिना घालवला. पहिला भाग धाकटा फुकटात देत होता.

तोमोएला समोरचा पुढेच यायला हवा. ओढून आणायला माझ्यात ताकद नाही. तो स्वतः येईल असं काहीतरी करायला हवं. दोन वाटा सुचतात. एक, कोउची-गारी : आतून त्याच्या पावलाला झाडायचं. तो पाय मागे काढून घेतो, अंग पुढे झुकतं, त्याच क्षणी खाली. दुसरी, नुसतं ढकलायचं. ढकललेला माणूस उलटा ढकलतो. पहेलवान तर ढकलतोच.

३ ऑगस्ट

ही नोंद लिहायची लाज वाटते.

बाबांना म्हटलं, पुन्हा या. छातीला छाती लावून जोरात रेटलं, त्यांनी जन्माच्या सवयीनं दुप्पट रेटलं, आणि मी खाली. एवढं हलकं काही मी आजवर उचललं नाही. ८२ किलो माझ्या पायावरून गेले, मला कळलंसुद्धा नाही. नंतर खडूची रेघ बघितली तर माझं बूड त्यांच्या पावलांच्या मध्ये होतं.

पण बाबांना उकेमी येत नाही. हात टेकवला. मनगट सुजलं. मागच्या पानावरचा नियम मीच लिहिला आणि मीच मोडला, तोही ५१ वर्षांच्या माणसावर. गाद्यांवर पडले म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले हाड शाबूत आहे, चार दिवस काम नको.

माय दोघांशीही बोलत नाही. बाबा मात्र येईल-जाईल त्याला पट्टी दाखवून सांगताहेत, "पोरीनं पाडलं. सोताच्या पाठीवरून!"

४ ते ८ ऑगस्ट

बाबांच्या वाटचं डवरं मी हाकललं. सराव नाही. पाय दुखतात, तो सराव धरावा का?

२२ ऑगस्ट, पोळा

मनगट बरं. बैल त्यांनीच सजवले. उद्या तान्हा पोळा, परवा कॉलेज.

७ सप्टेंबर

अमरावती. इथे खरी मॅट आणि खऱ्या मुली. रांदोरीत, म्हणजे मोकळ्या लढतीत, मोजायला लागले. या आठवड्यात तोमोए ३१ वेळा लावला, टाकल्या ४. गावातल्या हिशेबानं हे फार वाईट, सरांच्या मते ठीक.

त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. पहिली, माझे हात मरतात. खाली जाताना सगळं लक्ष पायाकडे, आणि हात नुसते कपडा धरून लटकलेले. हातांनी आधी वर उचलून घ्यायचं, जणू तिला चवड्यांवर उभं करायचंय, आणि मग गोल फिरवत आपल्या कानाजवळून खाली ओढायचं. तोमोए म्हणजे जपानी नक्षीतला तो स्वल्पविरामासारखा गरगरता आकार. हात तसे फिरले पाहिजेत. वसतिगृहाच्या खिडकीच्या गजाला सायकलची ट्यूब बांधली आहे, सकाळ-संध्याकाळ १०० वेळा ओढते.

दुसरी, आडवा प्रकार : योको-तोमोए. सरळ खाली न जाता अंग तिच्या आडवं सरकवायचं, पाय पोटाऐवजी जांघेच्या घडीत, आणि तिला डोक्यावरून न नेता बाजूला फिरवायचं. ताठ हातांच्या मुलीला हा जास्त लागतो, कारण तिचे हात सरळ रेषेतच राखण करतात. मला वाटतं माझ्यासाठी हाच आहे. अंग आडवं गेलं की "पळायला" मागे जागाच उरत नाही.

२१ सप्टेंबर

नियम. नुसतं खाली बसून समोरचीला जमिनीवर ओढणं चालत नाही. तोल मोडलाच नाही आणि मी आडवी झाले तर पंच त्याला खोटा हल्ला धरून शिदो, म्हणजे ताकीद, देतात, आणि तीन शिदो झाले की लढत गेली. म्हणजे दमल्यावर विश्रांतीसाठी तोमोए लावायचा नाही. दमल्यावर मी नेमकं तेच करते, हे रांदोरीत तीनदा दिसलं.

यावर्षीपासून आंतरराष्ट्रीय नियमांत युको परत आलाय, जो २०१७ साली काढला होता. बाजूवर पडलेल्याचे छोटे गुण. आडव्या प्रकारात मुली बाजूवरच पडतात, तेव्हा माझा फायदा.

५ ऑक्टोबर

दसऱ्याला घरी. सोयाबीनची सोंगणी चालू, तरी रात्री तासभर मॅट. आता डाव फसल्यावरचं काम. डाव फसला की मी पाठीवर, ती वर. हा क्षण जितका घाण तितकाच महत्त्वाचा. सरळ पाय पसरून पडून राहिलं तर ती पायांना वळसा घालून दाबून ठेवते. पाच सेकंद धरलं तर युको, दहाला त्याहून मोठा गुण वाझा-आरी, वीसला पूर्ण गुण इप्पोन, खेळ संपला. म्हणून दोन्ही गुडघे लगेच छातीशी, पावलं तिच्या कंबरेवर, आणि बाही सोडायची नाही.

आणि डाव लागला तर? तेव्हाही बाही सोडायची नाही. ती उलटतेय त्याच झोकात आपणही मागे कोलांटी घेत तिच्या छातीवर. धाकट्याला हे फार आवडलं, कारण आता त्याला मला वर यायच्या आत निसटायचं काम मिळालं. काशीवाझाकी कात्सुहिको, १९८१चा जगज्जेता, तोमोए आणि जमिनीवरचं काम या दोन्हींसाठी ओळखला जातो, आणि हे दोन वेगळे विषय नाहीत हे आत्ता कुठे कळतंय.

बाबा गादीवर बसून बघत होते. मातीत चित झालं की कुस्ती सुटते. इथे तिथून पुढेही खेळ चालू राहतो, हे त्यांना अजून पटलेलं नाही. "मंग संपते कवा?" असं दोनदा विचारलं.

१६ नोव्हेंबर

दिवाळीनंतर कापसाचा वेचा, रविवारी गाठोडी वाहिली. कंबर धरली आहे. या महिन्याचा रांदोरीचा हिशेब : ४० वेळा लावला, ११ लागले. त्यातले ९ आडवे. आणि त्या ११ पैकी ८ वेळा आधी कोउची-गारी होती. म्हणजे बाबांचा "पाडशीन कशी?" हा प्रश्न ८ वेळा सोडवला, ३ वेळा नशीब.

अंतर मोजणं सोडलं होतं. आज पुन्हा खडू काढला. सरावात : शून्य, बूड पावलांच्या मध्ये. रांदोरीत सरांनी बघून सांगितलं : दमल्यावर अजून वीतभर.

१३ डिसेंबर

स्पर्धा. वजन ५५.८. बाबा पहाटेच्या एसटीनं आले, पांढरी टोपी घालून, आखाड्याला येतात तसे.

पहिली लढत. समोरची उंच, हात ताठ. मनात म्हटलं, आलीस का. एवढी घाई झाली की कोउची न करताच खाली गेले. शिदो. उठून पुन्हा तेच, दुसरा शिदो. सर बाहेरून ओरडत होते ते ऐकूच येत नव्हतं. मग एकदाचा तिच्या पावलाला झाडा मारला, तिनं पाय काढला, आणि मी आडवी सरकले. ती बाजूवर पडली. युको. बाही हातातच होती, वर चढले. वीस सेकंद फार लांब असतात. इप्पोन.

दुसरी लढत सेओई-नागेनं जिंकले. आता ताठ हातवाल्याच माझ्या तोमोएला भिऊन हात दुमडतात, आणि मग पोटाशी शिरायला वाट मोकळी. हे मी ठरवलं नव्हतं.

तिसरी, उपान्त्य. ती माझी पहिली लढत बघत बसली होती. कोउची लावली की ती पाय काढायची, पण पुढे यायचीच नाही, मागे टेकून उभी. बाबांसारखी. तिसऱ्या मिनिटाला मी दमले आणि दमल्यावर जे करते तेच केलं. वीतभर लांब. तिनं पाय झटकला, वळसा घालून छातीवर आली. उठताना बघितलं, बाबा टोपी हातात घेऊन उभे.

कांस्यपदकाची लढतही हरले, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

परतताना एसटीत बाबा बराच वेळ गप्प. मग अंजनगावचा फाटा गेल्यावर म्हणाले, "ते पोरगी मागं टेकून उभी होती ना. तिले पुढं काहून आणत होती? मागं टेकते तं मागंच पाड."

बरोबर आहे. तोमोए दिसला की सगळ्या मागे टेकणार. मागे टेकलेल्याला कोउची खरीच लावायची, नुसती हूल म्हणून नाही, किंवा ओसोतो-गारी, म्हणजे बाहेरून पाय झाडून मागे पाडायचं. जानेवारीचं काम :

कोउची अर्धवट सोडायची नाही, टाकायसाठीच लावायची.

तीन मिनिटं पळून झाल्यावरच तोमोएचा सराव, ताज्या अंगानं नाही.

धाकट्याला सांगायचं, येऊ नको. मागे टेक.

खडू संपलाय, शाळेतून आणायचा.